बोलता येत नव्हतं, ऐकू येत होतं

माझा हात हवेत होता आणि तो खाली येत नव्हता.

कारंजा घाडगेजवळच्या एका संत्र्याच्या बागेत मोजणी चालली होती. मी भूकरमापक आहे, म्हणजे सरकारी मोजणीवाली. कुणाची हद्द कुठे संपते ते मशीन लावून दाखवायचं, हे माझं काम. बांधाच्या दोन बाजूंना दोन सख्खे भाऊ उभे होते आणि सकाळपासून एकमेकांवर ओरडत होते. लांब झाडांच्या पलीकडे आमच्या ऑफिसचे शिपाई काका खुणेची काठी धरून होते. त्यांना ‘अजून डावीकडे’ असं सांगायला मी हात वर केला. काका डावीकडे सरकले. आता ‘थांबा’ म्हणून हात खाली घ्यायचा होता.

मी तो घेतला नाही. मला घेता आला नाही.

बिचारे काका सरकतच राहिले. त्यांनी बांध ओलांडला, धाकट्या भावाच्या बागेत शिरले, तरी मॅडमचा हात वरच. धाकटा धावत आला. "हे काय लावलं मॅडम? अर्धी बाग त्याले देऊन राह्यल्या का?" थोरल्याला वाटलं, निकाल आपल्या बाजूने लागला. तो हसायला लागला. मग दोघंही माझ्या समोर येऊन उभे राहिले आणि सकाळपासून पहिल्यांदाच दोघंही गप्प झाले.

"मॅडम? ओ मॅडम?"

मला सगळं ऐकू येत होतं. डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली होती, तिचे पाय कळत होते. ‘सुजाता, हात खाली घे’ असं मी स्वतःला सांगत होते. सांगणारी मी होते आणि ऐकणारं कुणी नव्हतं. शेवटी काकांनी येऊन दोन्ही हातांनी माझा हात धरून खाली आणला, तेव्हा तो आला. त्यांनी सोडला तिथेच, अर्ध्यावर, थांबला.

इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. आणि माझ्या चेहऱ्यावर, काका नंतर म्हणाले, काहीसुद्धा नव्हतं.

कुणासाठी लिहिते आहे

माझं वय एकतीस. गाव हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. आई आहे आणि मोठा भाऊ, दादा. मला जे झालं त्याचं नाव आमच्या घरात, गावात, ऑफिसात कुणालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. म्हणून लिहिते आहे. तुमच्या घरात एखादं माणूस असं बसल्या जागी थांबलं असेल तर त्याच्याजवळ बसून हे मोठ्याने वाचा. ते ऐकत असेल.

आधीचे महिने

ते एकाएकी झालं असं मला वाटलं होतं. नंतर मागे वळून पाहिलं तर तसं नव्हतं.

कारंज्याला बदली झाली तेव्हा मी हायवेलगत खोली घेतली. नागपूर-अमरावती रस्ता. ढाबे, टायर बदलणारी दुकानं, रिव्हर्स घेणारे ट्रक. दुसऱ्यांना तो आवाज काही दिवसांनी ऐकू येईनासा होतो म्हणे. मला तो रोज नव्याने ऐकू यायचा. वडनेरला, मग हिंगणघाटला शिकताना, मी माझं एक शहाणपण शोधून ठेवलं होतं. लोक काय बोलतात, कधी हसतात, डोळ्यांत किती वेळ पाहतात, ते पाठ करायचं आणि तसं करायचं. मोजणीच्या कामात ते पुरत असे. पण हद्दीचे वाद म्हणजे दोन्ही बाजूंनी ओरडणारी माणसं, आणि मध्ये मी. संध्याकाळी खोलीवर आले की अंगात काही उरायचं नाही.

हळूहळू स्वयंपाक बंद झाला. मग अंघोळीला उशीर व्हायला लागला. मग्गा हातात घेऊन मी किती वेळ उभी आहे ते मला कळायचं नाही. बोलताना वाक्य अर्ध्यावर थांबायचं. आईचा फोन आला की मी "हं" म्हणायची. आई म्हणायची, "लय काम राह्यते वाटते." मी म्हणायची, "हं." जगावंसं वाटत नाही असं मी कुणाला सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं काही असतं, हेही सुचलं नाही.

वडनेरला

दादा आणि बाबा गाडी करून मला घेऊन आले. घरात मला पलंगावर बसवलं की मी बसलेली राहायची. उभी केली की उभी. आई घास तोंडात घालायची आणि तो गालातच राहायचा. आई बोटाने काढायची आणि रडायची.

दादाला वाटलं की मी नाटक करते आहे. त्याच्यावर मी आता रागावलेली नाही, पण जे झालं ते लिहिते. त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडचे लोक येणार होते आणि आतल्या खोलीत बहीण पुतळ्यासारखी बसलेली. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "सुजा, नोकरी नाई करायची तं नको करू. पण हे नाटक कायले करून राह्यली? माह्या लग्नाच्या टायमालेच?"

मी त्याच्याकडे बघत होते. बघत होते म्हणजे माझे डोळे तिकडे होते.

"हूं तरी म्हण ना वं," तो म्हणाला. मग उठून त्याने भिंतीवर हात आपटला.

शेजारणी आल्या. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं एखाद्या मुलाच्या प्रेमात असेल. बाबांनी त्यांना सरळ घराबाहेर काढलं. "माह्या घरात हे चालणार नाई," एवढंच म्हणाले. बाबा अंगारे-धुपारे मानत नाहीत, त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर ते सगळं घरातून काढून टाकलं होतं. ते मला डॉक्टरकडेच घेऊन गेले, आणि ते बरोबर होतं. पण त्या खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांना वाटलं की मला भास होत असावेत. त्यांनी त्याच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मी आणखी ताठ झाले. अंग लाकडासारखं, त्यात ताप. बाबांनी माझा गुडघा वाकवून पाहिला, तो वाकेना. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आयुष्यभर जाम झालेले नटबोल्ट सोडवणारा माणूस, मुलीचा गुडघा हातात धरून बसला होता.

त्याच दुपारी आम्ही वर्ध्याला निघालो.

पंखा बंद

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या मनोविकार विभागात मला पलंगावर झोपवलं. माझ्या वर एक पंखा खडखडत फिरत होता. भोवती आई, बाबा, दादा, शिकाऊ डॉक्टर, सगळे एकाच वेळी बोलत होते आणि सगळे माझ्याविषयी बोलत होते. "जेवत नाही का?" "बोलायची का आधी?" "संडासला जाते का?"

मग डॉक्टर मॅडम आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पंखा बंद करायला सांगितला. मग आई सोडून सगळ्यांना बाहेर पाठवलं. खुर्ची घेऊन त्या माझ्या समोर नाही, बाजूला बसल्या, जिथून मला त्यांच्याकडे पाहावं लागणार नाही अशा.

"सुजाता," त्या म्हणाल्या, "तुला ऐकू येतंय हे मला माहीत आहे. तू मुद्दाम करत नाहीयेस हेही माहीत आहे. उत्तर द्यायची गरज नाही."

मला रडायचं होतं. तेही येत नव्हतं. पण कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणीतरी बोललं होतं. माझ्या अंगाशी नाही, माझ्याशी.

त्यांनी आधीच्या गोळ्या बंद केल्या आणि एक इंजेक्शन द्यायला सांगितलं. "याने कदाचित थोडी सुटेल," त्या आईला म्हणाल्या. "कायमची नाही. पण आपल्याला कळेल की कुलूप कोणतं आहे."

आई माझ्या उशाशी बसून राहिली. बाबा आणि दादा परत आत आले. थोडा वेळ गेला. मला आधी माझी जीभ जाणवली. तोंडात एक जीभ आहे आणि ती माझी आहे. मग बोटं. मग मानेमागे कधीपासून दुखत होतं ते.

"आई," मी म्हणाले, "माही वेणी सोड. लय घट्ट बांधली तू. दुखून राह्यली."

आईच्या हातातला स्टीलचा डबा खाली पडला. "बोलली! माय वं, बोलली!" ती वेणी सोडायचं विसरून मला धरून हलवायला लागली. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. दादा खाली फरशीवर बसला, जागा होती तरी खाली. मी त्याला म्हणाले, "नाटक नव्हतं, दादा." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मॅडम नुसत्या मान हलवत होत्या. "कॅटाटोनिया," त्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या. शरीर असं थिजण्याच्या अवस्थेला तसं म्हणतात. मला तो शब्द एखाद्या गावाच्या नावासारखा वाटला. नाव आहे म्हणजे कुणीतरी आधी तिथे जाऊन आलं असणार.

संध्याकाळपर्यंत मी पुन्हा थिजले.

शेजारचा पलंग

शेजारच्या पलंगावर आंजी मोठी गावच्या सुमनबाई होत्या. भाजीपाला लावतात, वर्ध्याच्या बाजारात विकतात. त्यांचं स्वतःचं दुखणं वेगळं होतं, त्या आता घरी जायच्या बेतात होत्या. त्या दिवसभर माझ्याशी बोलायच्या. वांग्याला कीड कशी लागते, सांबार कोणत्या दिवसात महाग होतो, नवऱ्याला पाठीवरचा फवारणीचा पंप कसा नीट मारता येत नाही. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्यांनी मला एकदाही "बोल ना" म्हटलं नाही. आई त्यांना म्हणाली, "ते नाई बोलत बाई, तुम्ही काऊन घसा कोरडा करता?" त्या म्हणाल्या, "मी तं घरीबी भिताडासंगच बोलतो. हे पोरगी बरी, डोळे तरी मिचकवते."

मी आतून हसले. बाहेर काही पोचलं नसणार.

आत्या

इंजेक्शनने मी सुटायची आणि पुन्हा अडकायची. प्रत्येक वेळी सुटका आखूड होत गेली. मग गिळणं बंद झालं. नाकातून नळी घातली. लघवी कमी झाली. मॅडमनी आईबाबांना माझ्या पलंगाजवळच बसवलं, कारण माझ्याबद्दलचं बोलणं माझ्यासमोर व्हायचं हा त्यांचा नियम होता.

"आता ईसीटी द्यावी असं माझं मत आहे," त्या म्हणाल्या. "लोक त्याला शॉक म्हणतात. भूल देऊन करतात. या आजारावर ते सगळ्यात चांगलं लागू पडतं. आणि वाट पाहण्यात धोका आहे. जिवाचा धोका आहे."

बाबा उभे राहिले. माझे बाबा कधी आवाज चढवत नाहीत.

"नाई," ते ओरडले. "माह्या पोरीले शॉक द्यायचा नाई. मरू द्या पण शॉक नाई."

"बाबा, हळू," मॅडम म्हणाल्या. "का नको ते सांगा मला."

ते परत खाली बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं.

"माही मोठी बहीण होती. हे अशीच झालती. अशीच, मॅडम. गोठ्याजवळ उभी केली तं उभी. मी दहाएक वर्षांचा होतो. आमच्या बाबासंग मी बी गेलतो तिले दवाखान्यात घेऊन. तवा भूल नाई, काई नाई. चार माणसायनं धरली. दाराच्या भायेरून मी तिची किंकाळी आयकली. आजवर आयकून राह्यलो. घरी आली तं बोलाले लागली होती. जेवाले लागली होती. पण पुन्हा तशी झाली तवा आमच्या बाबानं नेलंच नाई. म्हणे, परत ते हाल नको पोरीचे. घरातच पडून राह्यली. पाणी गिळे ना. तशीच गेली. सुकून गेली."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. पस्तीसेक वर्षांचा संसार आणि नणंदेचं नाव नाही. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मॅडमना म्हणाले, "तिले काई समजत नाई ना आता? नाईतं सांगितलं नसतं."

"तिला सगळं समजतं," मॅडम म्हणाल्या.

मला समजत होतं. मी त्या पलंगावर, नाकात नळी घेऊन, ऐकत होते की माझ्या घरात माझ्याआधी एक बाई हे भोगून मेली आहे. माझ्या अंगात ओरडायचं बळ असतं तर वॉर्ड हादरला असता. मी पापणीसुद्धा हलवली नाही.

उत्तर

मॅडमनी बाबांशी वाद घातला नाही. त्यांनी भुलीच्या डॉक्टरांना बोलावून त्यांच्याकडून बाबांना सगळं समजावून दिलं. आता किंकाळी नसते, अंगाला झटका दिसतसुद्धा नाही. मग त्या म्हणाल्या, "बाबा, तुमची भीती खरी आहे. पण हे तुमच्या बहिणीचं अंग नाही. सुजाताचं आहे. आपण तिलाच विचारू."

"ते कशी सांगन?"

"इंजेक्शन देऊ. जेवढा वेळ सुटेल तेवढ्यात विचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा बंद, खिडकीवर चादर टाकलेली, खोलीत फक्त मॅडम, आई, बाबा आणि मी. इंजेक्शन दिलं. या वेळी जीभ पूर्ण सुटली नाही, नुसती सैल झाली.

मॅडम बाजूला बसल्या. "एकच प्रश्न विचारणार आहे. घाई नाही. मी थांबते." मग त्यांनी उपचार काय आहे, त्याने काय होऊ शकतं, काही आठवणी पुसट होऊ शकतात, नाही केला तर काय होईल, हे लहान लहान वाक्यांत सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबायच्या. "तुला हा उपचार हवा आहे का?"

मला शब्द दिसत होता. तो खूप खोल होता. आई पुढे झाली, "सांग ना माय, हो म्हण," आणि मॅडमनी नुसता हात वर करून तिला थांबवलं. शांतता इतका वेळ राहिली की बाबा उठायला लागले. मॅडम हलल्या नाहीत. माझ्या उत्तरासाठी इतकं कुणी कधी थांबलं नव्हतं. शाळेत नाही, घरात नाही, ऑफिसात नाही. सगळीकडे मी बोलायच्या आत पुढचा प्रश्न यायचा.

"हाव," मी म्हणाले. "द्या."

मॅडमनी पुन्हा विचारलं, समजून म्हणालीस ना? मी पुन्हा हाव म्हणाले. माझ्याकडे थोडा वेळ उरला होता हे मला जाणवत होतं, दार मिटत येताना जाणवतं तसं. तो मी वापरला.

"बाबा. आत्याचं नाव काय होतं?"

बाबांचे ओठ हलले. आवाज आला नाही. आता तेच अडकले होते. मग म्हणाले, "विमल."

पुढे मला बोलता आलं नाही.

भूल

त्या उपचाराबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे, आणि तेच सांगायचं आहे. सकाळपासून उपाशी. चाकांचा पलंग. हातात सुई, तोंडावर मास्क. भुलीचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गावाचं नाव मनात म्हणा." मी ‘वड’पर्यंत पोचले. मग डोकं दुखत होतं, तोंड कोरडं होतं आणि सिस्टर म्हणत होती, झालं. बाबा दाराबाहेर कान देऊन उभे होते म्हणे, पूर्ण वेळ. आत आले तेव्हा त्यांनी मला विचारलं नाही की दुखलं का. सिस्टरला विचारलं, "खरंच आवाज नाई झाला ना?"

एकाआड एक दिवस असं ते काही आठवडे चाललं. पहिल्या दोन वेळांनंतर काही नाही. तिसऱ्या वेळेनंतर मी स्वतः कूस बदलली. नंतर एका सकाळी नळी काढली आणि सुमनबाईंनी, ज्या घरी जाऊनही बाजाराच्या दिवशी मला बघायला यायच्या, वांग्याची भाजी आणि भात आणला. मी अर्धी वाटी खाल्ली. तिखट होती. मी म्हणाले, "तिखट आहे." सुमनबाई म्हणाल्या, "बोलाले लागली तं नावंच ठेवते पाह्य!"

त्या हिवाळ्यातलं पुष्कळ मला आठवत नाही. दादाचा साखरपुडा झाला आणि मी तिथे होते, फोटोत आहे, पण मनात नाही. ते परत येणार नाही असं दिसतं. हे लपवून ठेवणं बरोबर नाही म्हणून लिहिलं.

दुसरा धक्का

मला वाटलं होतं आजार संपला. मॅडमना तसं वाटत नव्हतं. "घर जळालं ते विझवलं," त्या म्हणाल्या. "आग कशाने लागली ते पाहायला हवं." त्यांनी उदासीवरच्या गोळ्या अगदी थोड्या मात्रेने सुरू केल्या. मी सुधारत गेले तशा त्या दर भेटीत मला आणि आईला विचारत गेल्या. लहानपणी ही कशी होती?

आई आधी म्हणायची, "शहाणी होती. त्रास नाई काई." मग एकेक निघायला लागलं. नवा फ्रॉक घातला की किंचाळायची, आई आधी बारा वेळा धुऊन मऊ करायची. लग्नाच्या बँडसमोर उलटी केली होती. बोलायला उशिरा लागली आणि लागली ती पुस्तकासारखी. मैत्रीण नाही. गावातल्या प्रत्येक शेताचा आकार पाठ. "आमाले वाटे, हुशार पोट्टी हाये, असंच राह्यते," आई म्हणाली.

मग एक दिवस मॅडमनी सांगितलं. मला ऑटिझम आहे. जन्मापासून. त्यावर चिंता आणि उदासी चढत गेली, कुणाच्या लक्षात आली नाही, आणि शेवटी शरीर थांबलं.

आई हसली. खरंच हसली. "नाई मॅडम. ते तं लहान लेकरायले राह्यते. बोलत नाई ते लेकरं. माही पोरगी सरकारी नोकरीत हाये."

"ती लेकरं मोठी होतात, आई," मॅडम म्हणाल्या.

आईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. "म्हणजे माह्याच पोटात असतानी काई चुकलं का?" मॅडमनी तिला जितक्या प्रकारे ‘नाही’ सांगता येईल तितक्या प्रकारे सांगितलं. तिला ते पटायला पुष्कळ भेटी लागल्या. अजून पूर्ण पटलंय की नाही, माहीत नाही.

आणि मी? लोक म्हणतात की नाव कळलं की सुटल्यासारखं वाटतं. मला आधी तसं वाटलं नाही. मला वाटलं की कुणीतरी येऊन माझी सगळी जमीन पुन्हा मोजली आणि एकही खूण जुन्या जागी राहिली नाही. शाळेत बाईंनी मारलेली छडी, होस्टेलवर माझ्या नकला करणाऱ्या मुली, मला बघायला येऊन ‘मुलगी गर्विष्ठ आहे’ म्हणून गेलेले पाहुणे. एकतीस वर्षं मी समजत होते की सगळ्यांना हे इतकंच कठीण जातं, फक्त ते तक्रार करत नाहीत.

बाबाही त्या दिवशी खोलीत होते. उठताना म्हणाले, "मॅडम, विमललेबी हेच असन का?"

मॅडम म्हणाल्या, "सांगता येणार नाही. तिला पाहिल्याशिवाय मी काही म्हटलं तर ते खोटं होईल."

बाबांनी मान हलवली. मला वाटतं त्यांना हो ऐकायचं होतं.

आता

मी कामावर आहे. हायवेवरची खोली सोडली, गावाच्या आतल्या बाजूला घेतली. साहेबांना मी आजाराबद्दल स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "वाटत नाही हो तुमच्याकडे पाहून." मग कुरकुरत का होईना, वादाच्या मोजणीला एक सहकारी बरोबर द्यायला तयार झाले. माणसांशी तो बोलतो, मी मशीनपाशी असते. चिडलेला शेतकरी कधी कधी मलाच गाठतो. तेव्हा मी गाडीत जाऊन बसते, काचा वर करून. पूर्वी मी ते कधी केलं नसतं.

गोळ्या चालू आहेत. मॅडमकडे जाणं चालू आहे. हालचाल मंदावली, वाक्यं तुटायला लागली, तर त्याच दिवशी फोन करायचा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुन्हा होऊ शकतं. ती भीती गेलेली नाही. कधी ट्रॅफिकमध्ये, कधी साधं चहा घेताना, मी उगाच बोटं हलवून पाहते.

दादाने माफी मागितली नाही. तो आता फोन करत नाही, मेसेज करतो, कारण मेसेजला उत्तर द्यायला मला वेळ मिळतो. वहिनीला त्याने सगळं लग्नाआधीच सांगितलं होतं. ते लग्न मोडता मोडता राहिलं, हे मला वहिनीकडूनच कळलं.

मागच्या रविवारी मी वडनेरला होते. दिवसभर घरात पाहुणे होते, सगळे गेले तेव्हा दुपार कलली होती आणि मी मागच्या अंगणात एकटीच बसले होते. आई पदराला हात पुसत आली. लहानपणापासून ती आली की पाठीवरून, केसांवरून हात फिरवते, आणि मी ते आयुष्यभर दात चावून सोसलं आहे, कारण आईच्या हाताचा त्रास होतो हे मुलगी कसं म्हणणार. या वेळी ती थोडी अलीकडे थांबली. हात पुढे केलेला, हवेत.

"हात लावू का वं?" तिने विचारलं.

मला धक्का बसला. मी विचार केला. खरोखर विचार केला, आणि ती थांबली.

"आज नाई, आई," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर खाली बसली.